काळी माती, तांबडी माती

चिपळूणहून कऱ्हाडला निघालं की कुंभार्ली घाट लागतो. लग्नाला बावीस वर्षं झाली. माहेरच्या या वाटेवर एस.टी.च्या खिडकीतून किती वेळा डोंगर पाहिले, पण रस्त्याकडेची माती पाहिली ती या दिवाळीनंतर, पहिल्यांदाच. त्याला कारण वहिनीचा फोन. "वन्सं, येताना तुमच्या परसातली ओंजळभर माती आणा."

माहेरी जाताना कोकम न्यावं, कुळीथ न्यावेत. माती काय न्यायची? ह्यांनी तर थट्टाच केली. तरी मी पिशवीत पुडी ठेवलीच.

चिपळूणची तांबडी माती घाटापर्यंत सोबत करते. हेळवाक, कोयनानगर मागे पडून पाटण आलं की ती तपकिरी होत जाते आणि कऱ्हाडजवळ, कोयना कृष्णेला मिळते तिथलं शिवार काळंभोर. माझं माहेर तिथून जवळच.

घरी पोचले तर ओटीवर बचत गटाच्या दहा-बारा जणी जमलेल्या. पुढ्यात कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर शेताचं नाव. मध्ये एक जाड वही. ती एका कृषी महाविद्यालयाने आठवड्यापुरती दिलेली. पानापानांवर रंगाचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाखाली भोक. भोकामागे माती धरायची आणि जुळणारा रंग लिहायचा. आल्बर्ट मुन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने रंग मोजायची ही पद्धत १९०५ साली पुस्तकात मांडली. आज जगभर माती तपासणारे तीच वापरतात.

"साडीला ब्लाऊजपीस मिळवतो ना, तसंच हे," वहिनी म्हणाली. मैत्रिणींनो, ते किती खरं आहे! दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून या बायका दिवसाउजेडी, अंगणातच रंग पाहतात. ओली माती गडद दिसते, म्हणून सगळ्या पुड्यांवर आधी सारखं पाणी शिंपडतात. दोघींनी एकमेकींना न सांगता रंग लिहायचा, जुळला नाही तर तिसरीने पाहायचं.

हा खटाटोप कशासाठी? मातीत कुजलेला पालापाचोळा, मुळं, शेण यांतून सेंद्रिय कर्ब येतो. तो असला की माती भुसभुशीत राहते, पाणी धरते. आपल्याकडच्या मृदा तपासणीत अर्ध्या टक्क्याच्या आत कर्ब म्हणजे कमी, पाऊण टक्क्याच्या वर म्हणजे चांगला. कर्ब वाढला की माती गडद होते, म्हणून रंगावरून अंदाज बांधता येतो.

"मग तुमच्याकडे काय, काळं सोनंच!" मी म्हणाले.

वहिनी हसली. तिने प्रयोगशाळेचे कागद पुढे केले. काही पुड्या तिथे पाठवाव्या लागतात, त्याशिवाय रंगाचा अर्थ लावता येत नाही. दादाच्या काळ्याभोर रानाचा कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत! काळेपणा बराचसा बेसाल्ट खडकातून झालेल्या बारीक चिकणमातीचा आणि तिला घट्ट बिलगलेल्या थोड्याशा कर्बाचा. माझ्या तांबड्या मातीचा रंग लोहाचा. पाऊस आणि झाडोरा भरपूर, त्यामुळे कोकणातल्या तांबड्या मातीत कर्ब पुष्कळदा काळीपेक्षा जास्त असतो. माझी पुडी तिला गटातल्या बायकांना हेच दाखवायला हवी होती. तांबडीची तुलना काळीशी करायचीच नाही. एकाच जातीची माती शेजारी शेजारी ठेवायची.

मग तिने दोन पुड्या उघडल्या. एक दादाच्या उसाच्या फडातली, दुसरी त्याच फडाच्या बांधावरच्या जुन्या आंब्याखालची. माती तीच, अंतर वीस पावलांचं. आंब्याखालची स्पष्ट गडद, हाताला मऊ. फडातली फिकट, ढेकळांची. प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं होतं. इतका मोठा फरकच डोळ्याला कळतो, बारीक फरक नाही. जळक्या राखेने काळी झालेली मातीही फसवते, म्हणून तिथली पुडी घ्यायची नाही.

राखेवरून विषय निघालाच. दादा दर वर्षी तोडीनंतर पाचट पेटवतो. वहिनी चार वर्षं म्हणते आहे, जाळू नका, सरीत पसरा, कुजू द्या. "सातबाऱ्यावर माझं नाव नाही वन्सं. माझ्या बोलण्याला ह्यांच्याकडं काय वजन?" ती हळूच म्हणाली. डोळे भरले होते.

रात्री जेवणं झाल्यावर तिने दोन्ही पुड्या दादाच्या ताटाजवळ ठेवल्या. बोलली काहीच नाही. दादाने दोन्ही माती बोटांत चुरून पाहिली. "पाचट ठेवलं की उंदीर होतात. पाणी द्यायला अडचण," तो पुटपुटला. जरा वेळाने म्हणाला, "विहिरीकडच्या दहा सऱ्या तुझ्या. तिथं नाही पेटवत."

दहा सऱ्या म्हणजे फार नव्हे. रंग बदलायलाही वर्षं लागतील, एका खोडव्यात काही दिसायचं नाही. पण वहिनीने त्याच रात्री दहा कोऱ्या पुड्यांवर तारीख घातली.

निघताना तिने मला आंब्याखालची माती बांधून दिली. ती आता माझ्या तुळशीत आहे, तांबड्या मातीत कालवलेली. पुढच्या दिवाळीला जाईन तेव्हा त्या दहा सऱ्यांची पुडी आधी बघेन, चहा मागून.