हिरडीआडचें औषध



दांतांविषयीं गुरुजी लिहूं लागले कीं उपदेश येणार, असें तुम्हांस वाटेल. तो येईलच, पण आधीं माझी फजिती ऐका.

अडाण नदीकाठीं, बोरी अरब येथें माझें बालपण गेलें. वडील पहाटे कडुनिंबाची काडी सावकाश चावीत बसत. मी दोन फेर मारून ती फेंकून देत असें. पुढें शिक्षक झालों, ब्रश आला. घाई तीच राहिली. चाळिशी उलटल्यावर एके दिवशीं धडा वाचून दाखवीत असतां पहिल्या बाकावरील मुलानें हळूच रुमाल नाकाशीं नेला. हिरड्यांतून रक्त येई तें मी ‘उष्णता’ म्हणून सोडून दिलें होतें. तोंडाची दुर्गंधी मला त्या रुमालानें कळविली! तेव्हांपासून मी तोंडावर हात धरून शिकवूं लागलों.

महिनाभर औषधी पाण्याच्या चुळा भरल्या, गुण येईना. अखेर यवतमाळास दंतवैद्यांकडे गेलों. बारीक सळईनें मोजून ते म्हणाले, “गुरुजी, निरोगी हिरडी व दांत यांमधील फट ३ मिलिमीटरपर्यंत असते. आपली ६ आहे. चूळ तेथवर पोंचत नाहीं.” शिवाय तशा खोल फटींत पाझरणारा द्रव तासाला सुमारें ४० वेळां बदलतो, औषध शिरलेंच तरी वाहून जावयाचें.

त्यांनीं प्रथम मुळांवरील कीटण खरवडून काढलें. मग करंगळीच्या नखाहून लहान अशी जिलेटिनची चकती फटींत सरकविली. तींत क्लोरहेक्सिडीन हें जंतुनाशक अवघें २.५ मिलिग्रॅम. हें द्रव्य ब्रिटनमध्यें १९५४ सालीं प्रचारांत आलें. चकती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठांतील संशोधनांतून निघाली व १९९८ सालीं अमेरिकेंत तिला मान्यता मिळाली. शेंकडा ४० भाग औषध पहिल्या दिवशीं सुटतें, उरलेलें सात ते दहा दिवसांत हळूहळू. चकती आपोआप विरघळते.

“मग ब्रश कशाला?” मीं विचारलें.

ते हसले. “चकती दहा दिवस पहारा करील. पुढें आपला पहारा आपणच करावयाचा.”

तीन महिन्यांनीं फट उणावली. परंतु झिजलेलें हाड परत आलें नाहीं, आणि एक दाढ गेलीच. चुळांचें पुष्कळ औषध वाया गेलें. चिमूटभरही नव्हतें तें, जागेवर टिकलें म्हणून, कामास आलें.

पालकहो, मुलांच्या हिरड्यांतून रक्त आल्यास तें उष्णतेवर ढकलूं नका. आणि मुलांनो, निजण्यापूर्वीं दांतांस दोन मिनिटें द्या. वडिलांचें तें सावकाश चावणें मला तेव्हां आळसाचें वाटे. आतां मीही ब्रश हातीं घेऊन तसाच स्वस्थ उभा असतों. पहिल्या बाकावर रुमाल निघत नाहीं.