फळीवरची शकुंतला

दोस्तांनो, आमच्या चिखलदऱ्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. भीमकुंड आहे, गाविलगडाचा किल्ला आहे, कॉफीची झाडं आहेत आणि पावसाळ्यात शेजारचं घरही दिसू नये इतकं दाट धुकं आहे. नाही ती फक्त आगगाडी. ११०० मीटर उंचीवरच्या या गावात रूळ कधी आलेच नाहीत. गाडी पाहायची तर घाट उतरायचा, परतवाडा गाठायचा आणि त्याला लागूनच असलेल्या अचलपूरच्या स्टेशनात जायचं. तिथून एक चिमुकली गाडी सुटायची. वऱ्हाडातले लोक तिला लाडानं शकुंतला म्हणायचे.

अचलपूर ते मूर्तिजापूर ७६ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, एवढी तिची धाव. तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अवघं ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाइनचं अंतर असतं १६७६ मिलिमीटर. बघा, निम्म्याहूनही कमी! इकडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत पोचवणं हे तिचं मुख्य काम. तिथून तो मुंबईला आणि पुढं जहाजानं इंग्लंडला जायचा. गंमत म्हणजे मँचेस्टर हे इंग्लंडातलं कापडधंद्याचं मोठं शहर, आणि शकुंतलेचं वाफेचं इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच बनलेलं. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते इंजिन धावलं. मग डिझेल इंजिन आलं. आणि २०१० नंतरच्या दशकात दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. आज शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांनी ती चालताना पाहिलेलीच नाही.

म्हणून आम्ही ती घरात आणायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, माझी भाची आणि गल्लीतली तीन-चार मुलं. कशी आणली ते सांगतो. तुम्हालाही जमेल. मात्र करवत, ड्रिल आणि सोल्डरिंगच्या कामाला मोठं माणूस शेजारी हवंच.

पहिली गोष्ट प्रमाणाची. मॉडेल रेल्वेत जगभर चालणारं एक माप आहे ‘एचओ’. यात खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग करायचा. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. तिथं अख्खं शहर याच मापात उभं आहे. आईबाबांबरोबर पुण्याला गेलात तर जरूर पाहा. आता हिशेब करा. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ८७ पटीनं लहान केला, तर उरतो जेमतेम १.९ सेंटिमीटर. आणि शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर? भागाकार केला की येतात पावणेनऊ मिलिमीटर. बाजारात ‘एन’ नावाच्या आणखी छोट्या मापाचे रूळ मिळतात, त्यांचं अंतर असतं ९ मिलिमीटर. म्हणजे रूळ एनचे घ्यायचे आणि त्यावर डबे मात्र एचओच्या मापाचे बांधायचे. झाली शकुंतला तयार! आमचं इंजिन जुनं, ओळखीच्यांकडून मिळालेलं. त्याचा वरचा सांगाडा उतरवून आम्ही जाड पुठ्ठ्याचा नवा चढवला. डबेही पुठ्ठ्याचेच.

आता दुसरा हिशेब. ७६ किलोमीटरला ८७ नं भागलं, तर पाऊण किलोमीटरहून जास्त लांबी येते. एवढं घर कुणाचं असतं? म्हणून सगळी लाइन करायची नाही, तिचा एक तुकडा निवडायचा. आम्ही अचलपूरचं स्टेशन घेतलं आणि बाकीच्या वाटेसाठी एक लंबगोल फेरा ठेवला.

फळीचं माप १२२ बाय ७६ सेंटिमीटर. प्लायवूड १२ मिलिमीटर जाडीचं, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट. वळणाची त्रिज्या २३ सेंटिमीटर ठेवली. याहून घट्ट वळण घेतलं, तर डबे रुळावरून उतरतात. फळी याहून रुंद करायची असेल, तर आधी तिच्यापुढं उभं राहून हात लांब करून पाहा. जिथं हात पोचत नाही तिथंच गाडी पडते, हा नियम पाठ करून ठेवा.

रूळ लगेच चिकटवू नका. आधी नुसते मांडा, डबा हातानं ढकला, प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. बोटाला जे टोचतं, ते चाकालाही टोचतं. दोन रुळांच्या जोडात कागद जाईल एवढी फट सोडा. ओल आणि ऊन यांनी लाकूड फुगतं-आकसतं. फट नसेल, तर रूळ वाकून वर येतात.

वीज कशी द्यायची? गाडी १२ व्होल्टच्या डीसी करंटवर चालते. एका रुळाला धन तार, दुसऱ्याला ऋण. करंट एका रुळातून चाकात, चाकातून मोटरीत आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. तारा उलट केल्या, की गाडी उलटी धावते. कंट्रोलरचं बटण हेच काम करतं. कंट्रोलर मात्र तयारच घ्यायचा, बरं का! भिंतीतला २३० व्होल्टचा करंट जीव घेतो, त्याच्याशी खेळ नाही. आणखी एक लक्षात ठेवा. गेलेली गाडी गोल फिरवून त्याच रुळावर उलट तोंडानं परत आणू नका. कागदावर दोन रेघा काढून पाहा. डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं.

रुळांखाली खडी हवीच. त्यासाठी वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घ्या. पण थांबा, त्या वाळूतून आधी लोहचुंबक फिरवा. आपल्याकडचा दगड काळा, बेसॉल्टचा. त्याच्या वाळूत लोहाचे काळे कण असतात. ते चुंबकाला झुपकन चिकटतात आणि इंजिनाच्या मोटरीतही चुंबकच असतं! चार वेळा चुंबक फिरवा, मग वाळू पसरा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून ते ड्रॉपरनं सोडा. सकाळपर्यंत खडी घट्ट बसते. डोंगरासाठी जाळीवर वर्तमानपत्राचे तुकडे खळीनं थरावर थर चिकटवा. कापसाच्या गाठी हव्यात? खडूचे चौकोनी तुकडे करा आणि त्यांवर पट्ट्या म्हणून दोरा गुंडाळा.

इतकं झालं. गाडी सुरू झाली. फेऱ्यामागून फेरे! मुलं खूश. दहा मिनिटांनी भाचीनं विचारलं, “मामा, पण ही चालली कुठं?”

दोस्तांनो, माझ्या मते मॉडेल रेल्वेतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे. ज्या गाडीला कुठं जायचं नाही, ती दोन दिवसांत कपाटावर जाते. खरी गाडी कुणासाठी तरी निघते. कुणाचा कापूस, कुणाचं बाजाराचं गाठोडं, कुणी माहेरी निघालेलं. म्हणून गाडीला काम द्या.

सर्वांत आधी वेग. खरी शकुंतला धावायची ताशी वीसेक किलोमीटरनं. ८७ नं भागलं तर सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही होत नाहीत. आमचा फेरा २६४ सेंटिमीटरचा, म्हणजे एका फेऱ्याला चाळीस सेकंद लागायला हवेत. हातात घड्याळ धरून चालवा. परतवाड्याहून रेल्वेतले एक निवृत्त आजोबा आमची गाडी पाहायला आले होते. एका मुलानं बटण पूर्ण फिरवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “गाडी पयवाची नसते बापू, चालवाची असते!” तेव्हापासून आमच्याकडं हाच कायदा.

मग शंटिंगचा खेळ. स्टेशनात तीन सायडिंग करा. एकीत ५ वाघिणी मावाव्यात, उरलेल्या दोघींत ३-३. (मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात, ठाऊक आहे ना?) तिन्ही सायडिंग जिथं एकत्र येतात, त्या रुळावर इंजिन आणि फक्त ३ वाघिणी उभ्या राहाव्यात. ८ वाघिणींना आकडे द्या. सुरुवातीला ५ लांब सायडिंगमध्ये, ३ दुसरीत. आता ८ चिठ्ठ्यांतून ५ उचला आणि त्याच क्रमानं लांब सायडिंगमध्ये गाडी लावा. हात लावायचा नाही. ओढायचं-ढकलायचं ते इंजिननंच. सोपं वाटतंय? करून पाहा! अशा ६७२० वेगवेगळ्या गाड्या लागू शकतात. रोज एक लावली तरी अठरा वर्षं पुरतील. आणि इंजिन नसलं तरी अडायचं कारण नाही. कार्डशीटवर रेघा काढा, वाघिणींऐवजी आगपेट्या घ्या आणि पेन्सिलीनं ढकला. मेंदूला ताण तेवढाच.

दोन मुलं दोन टोकांचे स्टेशनमास्तर होऊ द्या. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वीपासून टोकनची पद्धत आहे. ज्या ड्रायव्हरच्या हातात टोकन, त्यालाच पुढं जायची परवानगी. आम्ही त्यासाठी एक जुनी बांगडी ठेवली आहे. बांगडी हातात नाही, तर गाडी हलणार नाही. मग कुणी कितीही रडो!

हात बसला, की घाट करावासा वाटेल. आमच्याच मेळघाटात त्याचा नामी नमुना आहे. अकोला–खांडवा ही मीटरगेजची लाइन धूळघाटजवळ डोंगरात एक पूर्ण वेटोळं घालते आणि स्वतःलाच पुलावरून ओलांडून जाते. मराठी ४ चा आकडा गिरवा, म्हणजे समजेल. २०१७ साली गेज बदलण्यासाठी तिथली गाडी बंद झाली. डोंगर चढायला सरळ वाट पुरत नसली, की इंजिनियर असं वेटोळं घालून वाट लांबवतात. फळीवर हे करायचं तर खालच्या गाडीच्या डोक्यावरून पूल जायला ५ सेंटिमीटर उंची लागते. चढ ४० ला १ ठेवा. म्हणजे ४० सेंटिमीटर पुढं गेल्यावर १ सेंटिमीटर वर. मग ५ सेंटिमीटरसाठी २०० सेंटिमीटर लांबीचा फेरा हवा. त्याची त्रिज्या किती? ३२ सेंटिमीटर! दर २० सेंटिमीटरवर एक खांब ठेवा. पहिला अर्ध्या सेंटिमीटरचा, दुसरा एकाचा, तिसरा दीडाचा. दहाव्या खांबावर पूल तयार. भूमितीचा तास इतका गोड कधी वाटला नसेल.

आमच्या गावातला खरा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर धुकं घरात शिरतं. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही ऑइलपेंट लावला नाही, तर ते पापडासारखं वाकतं. रूळ काळे पडतात, करंट अडतो आणि गाडी अडखळते. पॉलिश पेपर मुळीच घासू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी बसतो. स्वच्छ सुती कापड औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये किंचित भिजवून पुसा, आणि चाकंही पुसा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून आधी वीज बंद करा आणि ते वाळल्यावरच चालू करा. खेळ संपला की वर चादर घाला.

आता शेवटचं, पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. स्टेशनाची इमारत, पाण्याची टाकी, धक्का, झाडं हे सगळं नेमकं कुठं होतं? पुस्तकात ते सापडत नाही. ते आहे आजी-आजोबांच्या डोक्यात. म्हणून आम्ही फळीवर खडूनं चौकोन आखून जागा रिकाम्या ठेवल्या. लाइनच्या काठचं कुणीही घरी आलं, अचलपूरचं, अंजनगावचं, बनोशाचं, की मुलं विचारतात, “तुम्ही गाडीत कुठून बसायचे? तिकिटाची खिडकी कोणत्या अंगाला होती?” उत्तर वहीत लिहायचं, खाली तारीख घालायची. दोघांनी एकच जागा दाखवली, तरच तिथं वस्तू चिकटवायची. परतवाड्याच्या आजोबांनी टाकीची जागा बोटानं दाखवली आणि बराच वेळ बोट तिथंच ठेवून ते उभे राहिले. कुणी काही बोललं नाही.

तुमच्याकडंही अशी एखादी लाइन असेल. पुलगाव–आर्वी असेल, पाचोरा–जामनेर असेल, बार्शी लाइट असेल. चालू रुळांवर मुळीच जाऊ नका. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडं आजच जा. रूळ, इंजिन, प्लायवूड पुढच्या वर्षीही मिळेल. आठवणींचं तसं नसतं. आमच्या फळीवर अजून चार चौकोन रिकामे आहेत आणि वहीत पानं भरपूर आहेत.