पेटवण्यापूर्वी पाहावे

माझे माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर वेण्णेला भेटते आणि पुढे सांगलीला जाते. "नदी खाली गेली आणि तू वर आलीस," असे सासूबाई कधीकधी थट्टेने म्हणतात. दोन्ही घरे जैन. दोन्हीकडे पाणी गाळून भरण्याची आणि दिवेलागणीपूर्वी जेवण्याची रीत. परंतु रीत माहीत असणे वेगळे आणि ती रोजच्या धावपळीत पाळली जाणे वेगळे.

सासूबाईंचे वय आता 78. रात्रिभोजनाचा त्याग त्यांनी तरुणपणीच केला. यजमान दुकान बंद करून घरी येतात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मी शाळेतून येऊन शिकवण्या आटोपेपर्यंत सात होतात. त्यामुळे सासूबाई साडेपाचला स्वयंपाकघरात एकट्याच पान घेत. आम्ही नऊला जेवायला बसलो की त्या पलीकडच्या खोलीत हाती माळ घेऊन बसलेल्या असत. कोणाचीच काही तक्रार नव्हती. म्हणूनच कितीतरी वर्षे ही गोष्ट कोणाला खटकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी गॅसवर चालणारी ग्रिलची शेगडी आणली. दोन बर्नर, वर लोखंडी जाळी आणि त्यावर घुमटासारखे झाकण. ती गच्चीवर मांडली गेली. "आई, उन्हाळ्यात आत स्वयंपाकघरात घामाघूम कशाला व्हायचं? रात्री गार वाऱ्यात बसून सगळं वर भाजून खाऊ," ही त्याची कल्पना. सासूबाई गुडघे धरत जिना चढून वर आल्या. त्यांनी शेगडीभोवती एक फेरी मारली.

"हिच्यावर आधी काही शिजलेलं नाही ना?" त्यांनी नातवाला विचारले.

"नाही गं आजी, खोक्यातून आत्ताच काढली. कोरी आहे."

"बरं." थोडे थांबून त्या माझ्याकडे वळल्या, "पेटवण्याआधी आतून पाहून घेत जा हं."

मी "हो" म्हटले. पण मनात हसू आले. लोखंडाची नवी कोरी शेगडी, त्यात काय पाहायचे? चुलीच्या काळातील सवय जिभेवर राहिली आहे, एवढाच अर्थ मी घेतला.

पहिले दोन-तीन शनिवार रात्री आठनंतर गच्चीवर शेगडी पेटली. दिव्याभोवती पाखरे जमत, झाकण उघडताच काही थेट जाळीवर झेपावत. आम्ही हाताने वारत असू आणि खात असू. सासूबाई खाली असत. मग मे महिन्यात मी दोन आठवडे सांगलीला माहेरी गेले. परतल्यावर रविवारी दुपारी कैऱ्या भाजाव्यात म्हणून शेगडीचे झाकण उघडले, बटण फिरवले आणि ठिणगी दिली. एक बर्नर नीट पेटला. दुसऱ्याची ज्योत पिवळी, आळसावलेली. क्षणभरात बटणांच्या मागल्या बाजूने, जेथे ज्योत असण्याचे कारणच नाही तेथे, आगीची जीभ बाहेर आली. मी घाबरून दोन्ही बटणे आणि मागोमाग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला.

शेगडी थंड झाल्यावर बर्नर काढून नळीत तार घातली. तारेबरोबर जाळे आले, अर्धे जळालेले. त्यात एक कोळी होता आणि त्याच्या अंड्यांची पांढरी पुडीही होती.

नंतर शेगडीबरोबर आलेली पुस्तिका प्रथमच उघडली, तेव्हा कारण कळले. बर्नरच्या नळीच्या तोंडाशी गॅस बारीक छिद्रातून वेगाने आत येतो आणि बाजूच्या फटीतून हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. गॅस आणि हवा यांचे प्रमाण जुळले की ज्योत निळी होते. नळीत अडथळा आला की हवा पुरेशी मिळत नाही, ज्योत पिवळी पडते. आणि कोंडलेला गॅस उलटा फिरून नळीच्या तोंडाशीच पेट घेतो. काही दिवस न वापरलेल्या शेगडीच्या अरुंद, अंधाऱ्या नळ्या कोळ्यांना घरटे करायला फार आवडतात. म्हणून पेटवण्यापूर्वी नळ्या तपासाव्यात, अशी स्पष्ट सूचना पुस्तिकेत होती. सासूबाईंनी पुस्तिका न वाचताच तेच सांगितले होते.

त्या दुपारी मला माझी सांगलीची आजी आठवली. मळ्यातील वस्तीवर तिची चूल होती. शेणी असोत, तुराट्या असोत की उसाची चिपाडे, जळण चुलीत घालण्यापूर्वी ती ते दोनदा जमिनीवर आपटायची. मुंग्या, वाळवी, एखादा विंचूसुद्धा खाली पडायचा. त्यांना वाट मिळेपर्यंत ती थांबायची आणि मगच विस्तव पेटवायची. लहानपणी जळण झटकण्याचे काम माझ्याकडेच होते. गॅस आला, जळण गेले आणि जळणाबरोबर झटकणेही गेले. जणू ते लाकडासाठीच होते, जिवासाठी नव्हते.

मी खाली जाऊन सासूबाईंना सारे सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "गृहस्थाच्या हातून स्वयंपाकात हिंसा होतेच, अगं. ती आरंभी हिंसा. सगळी टळत नाही. पण न पाहता झाली ती टळण्यासारखी होती." त्या संध्याकाळी मी पान घेतले नाही. कैऱ्या तशाच राहिल्या.

मुनींच्या पाच समितींत आदाननिक्षेपण समिती येते : कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून उचलावी व ठेवावी. लहानपणी पाठशाळेत ही नावे ओळीने म्हणून दाखवत असू. ती मुनींसाठी आहेत, आपला तिच्याशी फारसा संबंध नाही, असे तेव्हापासून मनात बसले होते. तिचा अर्थ मला नळीतून निघालेल्या जाळ्याने शिकवला.

पुढच्या रविवारी आम्ही वेळ बदलली. मे महिन्यात साताऱ्यास सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, जेवण आटोपावे ही सासूबाईंची शिस्त. तेव्हा सव्वासहापर्यंत पाने उचलली गेली पाहिजेत. रविवारी दुपारनंतर दुकान बंदच असते. साडेचारला अजिंक्यताऱ्याच्या बाजूने वारा सुटतो, टाकीची सावली गच्चीवर पसरते. पाचला शेगडी पेटते. उजेड असतो, त्यामुळे दिवा नाही आणि दिव्यावरची पाखरेही नाहीत.

पेटवण्यापूर्वीचा क्रम आता ठरला आहे. दोन्ही बर्नर उचलून नळ्यांत बाटली धुण्याचा लांब ब्रश हलक्या हाताने फिरवायचा. कोणी आत असेल तर त्याला बाहेर येऊ द्यायचे. जाळी आणि तेल गळण्याची ताटली पाहायची, कारण तुपाच्या वासाने मुंग्या तेथेच जमतात. रबरी नळीच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहायचे. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळला तर खाली साचून राहतो. म्हणून झाकण उघडे ठेवूनच ठिणगी द्यायची. मग झाकण लावून दहा मिनिटे जाळी तापू द्यायची. विस्तवातही अग्निकायिक जीव मानणाऱ्या आपल्या धर्मात शेगडी उगाच पेटती ठेवणे योग्य नव्हे. तेव्हा सर्व तयारी आधी करून एकाच पेटवणीत सगळे भाजून घ्यायचे आणि लगेच बंद करायचे. गॅसही वाचतो.

आता काय भाजायचे, हा प्रश्न. बाजारात मिळणाऱ्या पाककृतींत कांदा, बटाटा, लसूण आणि आले यांच्यावाचून पान हालत नाही. चिरंजीवांनी वांग्याच्या भरिताचा आग्रह धरला. वांगे बहुबीज, ते आमच्याकडे येत नाही. पहिल्यांदा वाटले, उरले काय? भरपूर उरले.

मक्याची कणसे सोलून, टोकाशी अळी नाही ना हे पाहून जाळीवर फिरवत भाजायची आणि तूप, मीठ, लिंबू लावायचे. कच्ची केळी सालीसकट काळी होईपर्यंत भाजली की आतील गर मऊ होतो. तो कुस्करून दही, मीठ आणि मोहरी-जिऱ्याची फोडणी घातली की भरीत तयार. फोडणीत उडदाची डाळ मात्र नको, कच्च्या दह्याशी द्विदल होते. दुधीचे जाड काप तेल-मीठ लावून भाजले तर मऊ आणि गोडसर लागतात. टोमॅटो भाजून त्यांची साल काढून हिंग-जिऱ्याची चटणी होते. कैऱ्या भाजून गर काढायचा. गूळ, वेलची, जिरेपूड आणि किंचित मीठ घालून गाळलेल्या पाण्यात पन्हे करायचे. उन्हाळ्याचा शीण त्याने जितका उतरतो तितका कशानेच नाही.

घरी केलेल्या पनीरला लावायच्या मसाल्यात माझी एकदा चूक होता होता राहिली. सर्वत्र चक्का आणि बेसन एकत्र कालवतात. हेही द्विदलच. आता मी बेसनाऐवजी मक्याचे पीठ घेते. आल्याच्या जागी सुंठ, लसणीच्या जागी हिंग, आणि रंगाला माहेरची वाळलेली हळद. ओली हळद कंद म्हणून वर्ज्य, वाळलेली चालते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे मी चिरंजीवांना दर वेळी सांगते आणि तो दर वेळी हसतो. अष्टमी-चतुर्दशीला रविवार आला तर हिरवे काही नसते. पनीर, पापड आणि जाळीवर कडक केलेली तूप लावलेली भाकरी, एवढ्यावर भागते. ती भाकरीच सर्वांत आधी संपते.

या सगळ्यात एक गोष्ट न ठरवता घडली. त्या पहिल्या बदललेल्या रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरली आणि सासूबाई जिना चढून वर आल्या. त्यांच्या शेजारी यजमान बसले, समोर चिरंजीव. पहिले कणीस त्यांच्या ताटात पडले. दात नाहीत म्हणून मी दाणे सोलून दिले. त्यांनी ते हळूहळू खाल्ले आणि यजमानांना म्हणाल्या, "तू शाळेत असताना आपण असे जेवत होतो. नंतर तुझं दुकान मोठं झालं."

यजमान काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र ते बुधवारीही साडेपाचला घरी आले आणि आईबरोबर जेवून पुन्हा दुकानात गेले. आता आठवड्यातून दोन-तीनदा तरी हे घडते. मीही शिकवण्यांची एक तुकडी सकाळी घेतली आहे. रोज जमत नाही. जमते असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण सासूबाईंचे पान आता रोज एकटे नसते.

घरात नवी वस्तू येते तेव्हा जुनी रीत अडगळीत जाते, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे. नव्या शेगडीनेच मला आजीचे जळण झटकणे परत दिले आणि सासूबाईंची वेळ आमच्या सर्वांची केली. बाटलीचा तो ब्रश शेगडीच्या कडीलाच टांगलेला असतो. मी विसरले तर सतरंजीवरून प्रश्न येतो, "पाहिलंस का गं आतून?"

आता मला हसू येत नाही. मी म्हणते, "पाहिलं, आई." आणि मगच ठिणगी देते.