दगडाच्या अलीकडे, दगडाच्या पलीकडे

स्पेलिंग वाचून तुम्ही ‘एयाम’ म्हणाल. मीही तसंच म्हणत होते. उच्चार आहे ‘ईम’. इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातलं टेकड्यांमधलं एक छोटंसं गाव. शेफिल्डला नोकरी करणारी माझी मैत्रीण म्हणाली, ‘लंडन सगळेच बघतात, तू हे बघ.’

गाव एकदम पोस्टकार्ड! करड्या दगडाची घरं, खिडक्यांत फुलं, चर्चच्या आवारात आठव्या शतकातला कोरीव क्रॉस. पण घरांवरच्या हिरव्या पाट्या वाचायला लागलं की कॅमेरा आपोआप खाली येतो. या घरात कोण, कधी, कितीजण गेले, याची ती यादी असते.

सप्टेंबर १६६५. लंडनहून इथल्या शिंप्याकडे कापडाचं गाठोडं आलं. ओलसर होतं म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या त्याच्या मदतनिसाने ते शेकोटीसमोर वाळत घातलं. त्यात पिसवा होत्या, असं सांगतात. सात सप्टेंबरला व्हिकर्स गेला. प्लेग!

पुढच्या जूनमध्ये विल्यम मॉम्पेसन या तरुण रेक्टरने गावासमोर प्रस्ताव ठेवला: कुणीही हद्द ओलांडायची नाही. तो गावात नवखा, लोकांचा फारसा लाडका नाही. म्हणून त्याने थॉमस स्टॅन्ली या आधीच्या, पदावरून काढलेल्या धर्मगुरूला सोबत घेतलं. (दोघांचं धर्माच्या बाबतीत अजिबात पटत नव्हतं, हे विशेष.) चर्चला कुलूप लागलं, प्रार्थना उघड्या दरीत. हद्दीवरच्या दगडात भोकं आहेत. त्यात व्हिनेगर घालून नाणी ठेवायची, बाहेरचे लोक अन्न ठेवून जायचे. त्या भोकात मी बोट घालून पाहिलं. गुळगुळीत झालंय.

२०२० साली आमच्या सोसायटीनेही गेटला दोरी बांधली होती. कामवाल्या मावशींनी आत येऊ नये म्हणून. इथे दोरी उलट्या बाजूने बांधलेली.

मॉम्पेसन तेव्हा साधारण अठ्ठावीसचा, म्हणजे माझ्याच वयाचा. आणि इथेच मी अडकले. गाव बंद करण्याआधी त्याने स्वतःची दोन्ही मुलं यॉर्कशरला पाठवून दिली होती. बाकीच्यांची मुलं मात्र गावातच. मैत्रीण म्हणाली, ‘कुठल्याही बापाने तेच केलं असतं.’ खरंय. पण मग ‘गावाने त्याग केला’ हे वाक्य इतकं सरळ राहत नाही ना? पत्नी कॅथरीनने मात्र त्याला सोडून जायला नकार दिला. ती ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. तिची कबर चर्चच्या आवारातच आहे.

नोव्हेंबरमध्ये साथ संपली. सुमारे २६० माणसं गेली होती. आपल्याकडे पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, तेव्हाही धोका माहीत होता.

गावाबाहेर अर्ध्या मैलावर, शेतात, दगडी कुंपणात ‘रायली ग्रेव्ह्ज’ आहेत. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीने, स्वतःच्या हातांनी. मदतीला येणार कोण? नंतर ती शेफिल्डला, वाचलेल्या एकुलत्या मुलाकडे निघून गेली. तिथे मेंढ्या चरत होत्या. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग मैत्रिणीने विचारलं, ‘तू थांबली असतीस?’


मी म्हटलं, ‘आधी मला कुणी विचारलं असतं का, ते सांग.’