निजलेल्या मुलाचा श्वास

घोरणें हें गाढ झोपेचें लक्षण होय, ही समजूत आपल्या घरांतून इतकी रुजलेली आहे कीं, मूल घोरूं लागलें म्हणजे वडील माणसें कौतुकानें हंसतात. ‘दिवसभर हुंदडला, आतां पाहा कसा कुंभकर्णासारखा पडला आहे,’ असें म्हणून त्याचें पांघरूण सारखें करतात आणि आपापल्या अंथरुणाकडे वळतात. सर्दीपडशांत चार दिवस मूल घोरलें तर त्यांत विशेष कांहीं नाहीं. परंतु जें मूल बारा महिने रोज रात्रीं घोरतें, घोरतां घोरतां मध्येंच एकदम स्तब्ध होतें, छाती वरखालीं होत असूनहि ज्याच्या नाकातोंडांतून वारा येत नाहीं, आणि मग जें हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास घेऊन कूस बदलतें, त्याची झोप गाढ नसते. तें मूल रात्रभर श्वासासाठीं झगडत असतें.

वैद्यकास ही गोष्ट अगदींच नवी नाहीं. १८८९ सालीं विल्यम हिल या इंग्रज डॉक्टरांनीं मुलांच्या मंदपणाचीं कारणें सांगतांना, नाक-घसा चोंदल्यामुळें तोंडानें श्वास घेणाऱ्या मुलांकडे लक्ष वेधलें होतें. निजेंत श्वास अडण्याच्या विकाराचें मुलांमधील रीतसर वर्णन मात्र १९७६ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील डॉक्टरांनीं आठ मुलांच्या निरीक्षणावरून केलें. जागेपणीं घशाचे स्नायू ताठ असल्यामुळें वाऱ्याची वाट उघडी राहते. निजेंत ते सैल पडतात. टॉन्सिल व ॲडिनॉइड वाढलेले असले, किंवा खालचा जबडा लहान असला, तर ती वाट मिटते. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदूला क्षणभर जाग येते, वाट उघडते, आणि पुन्हां तेंच चक्र सुरू होतें. अशी रात्र काढलेलें मोठें माणूस दिवसा पेंगतें. मूल पुष्कळदां पेंगत नाहीं. तें चिडतें, एके ठिकाणीं बसत नाहीं, अभ्यासांत त्याचें चित्त लागत नाहीं, अंथरूण ओलें करतें. मग आपण त्याला हट्टी म्हणतों.

आमच्या धाकट्या नातवाचें असेंच होतें. तो चार वर्षांचा असतांना एका रुग्णालयांत त्याची रात्रभर निद्रापरीक्षा झाली, तेव्हां दर तासास १९ वेळां त्याचा श्वास अडतो असें दिसून आलें. मुलांच्या बाबतींत तासास एकाहून अधिक वेळां असें होणें हेंहि प्रकृतीस सोडून आहे असें मानतात. प्रथम टॉन्सिल व ॲडिनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया झाली. बहुतेक मुलांना तेवढ्यानेंच पुष्कळ आराम पडतो. आमच्या नातवाचा खालचा जबडा जन्मतःच लहान असल्यामुळें निजेंत त्याची जीभ मागें सरते. म्हणून १९ चा आंकडा ८ वर आला, पण तेथेंच थांबला. जबडा वाढेपर्यंत रात्रीं नाकावर मास्क लावून यंत्राच्या वाऱ्यानें वाट उघडी ठेवावी, असें डॉक्टरांनीं सांगितलें. या उपचारास सीपॅप म्हणतात. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो १९८१ सालीं प्रथम जगापुढें मांडला.

यंत्र घरांत येण्यापूर्वींच त्याच्याविषयींचीं मतें घरांत तयार झालीं होतीं. माझ्या सासूबाईंचें वय ८८. त्या मला म्हणाल्या, ‘अगो, एवढ्याशा पोराच्या नाकाला नळी बांधणार तुम्ही? घरांत आहे कीं इस्पितळांत?’ थोरल्या मुलाला शंका ही कीं, एकदां यंत्राची संवय लागली म्हणजे मूल स्वतः श्वास घेण्यास विसरेल. यजमानांना वाटलें, हा ऑक्सिजनच असावा, आणि ऑक्सिजन म्हणजे आजार फार पुढें गेला. या सर्व शंका प्रेमापोटीं होत्या. म्हणूनच त्यांना उत्तर देणें अवश्य होतें. यंत्र मुलाच्या वतीनें श्वास घेत नाहीं आणि ऑक्सिजनहि देत नाहीं. तें खोलींतीलच हवा गाळून, किंचित् ओलावा देऊन, थोड्या दाबानें नाकांत सोडतें. वाऱ्यानें फुगलेली कापडी नळी जशी मिटत नाहीं, तसा त्या दाबानें घसा मिटत नाहीं. श्वास मुलाचा स्वतःचाच असतो.

हें बोलणें सासूबाईंच्या गळीं उतरेना. तेव्हां माझ्या धाकट्या सुनेनें, म्हणजे मुलाच्या आईनें, एक युक्ति केली. डॉक्टरांनीं मुलासाठीं जो दाब ठरविला होता, तो सात सेंटीमीटर उंच पाण्याइतका होता. या यंत्रांचा दाब पाण्याच्या उंचीनेंच मोजतात. तिनें एका उंच पेल्यांत पाणी घेतलें, सरबत प्यावयाची नळी त्यांत बरोबर सात सेंटीमीटर बुडविली, आणि सासूबाईंना म्हणाली, ‘आजी, हळूच फुंका बरें.’ त्यांनीं फुंकर घातली. खालून बुडबुडा वर आला. ‘बुडबुडा निघायला जेवढें फुंकावें लागलें ना, तेवढाच जोर आहे त्या यंत्रांत.’ सासूबाईंनीं पुन्हां दोनतीनदां फुंकून पाहिलें. ‘एवढाच?’ असें म्हणून त्यांनीं पेला खालीं ठेवला. त्या दिवसापासून यंत्राची भीति गेली. मुलाच्या रडण्याची भीति मात्र राहिलीच, आणि खरी अडचण तीच होती.

मोठ्या माणसाला कारण पटलें म्हणजे तो अडचण सोसतो. साडेचार वर्षांच्या मुलाला कारण पटत नाहीं. अंधार पडला आहे, तें पेंगुळलें आहे, आणि आपलींच माणसें आपल्या तोंडावर कांहींतरी घट्ट बांधीत आहेत, एवढेंच त्याला कळतें. पहिल्या संध्याकाळीं मास्क नुसता पाहूनच आमचा नातू पलंगाखालीं जाऊन बसला. ज्या बाईंनीं आम्हांस मास्क बसविण्यास शिकविलें, त्यांनीं बजावलें होतें कीं, मास्क आणि झोप यांची गांठ इतक्यांत घालूं नका. आधीं दिवसा, खेळतांना, मुलाच्या स्वतःच्या हातानें. हात धरून बांधाल तर एक रात्र जिंकाल आणि पुढचें वर्ष हराल.

त्याप्रमाणें पहिला आठवडा मास्क खेळण्यांच्या टोपलींत पडून राहिला. ना यंत्र, ना नळी. आमची थोरली नात नऊ वर्षांची आहे. तिनें तो प्रथम बाहुलीला लावला, मग स्वतःच्या नाकाशीं धरला, आणि नळी जोडल्यावर कसें दिसेल तें आरशांत पाहून म्हणाली, ‘अरे, ही तर बाप्पाची सोंड!’ वडील मंडळींच्या डोक्यांत हें आलें नसतें. गणपति घरचा देव. त्याची सोंड आपल्याला मिळणार म्हटल्यावर धाकट्यानें मास्क हातांत घेतला. तेव्हांपासून आमच्या घरांत त्या वस्तूचें नांव सोंड असेंच आहे.

पुढें रोज संध्याकाळीं ‘शुभं करोति’ झालें कीं सोंडेचीं दहा मिनिटें, असा नेम ठरला. प्रथम पांच अंक मोजेपर्यंत मास्क नाकावर, मग दहा, मग वीस. पट्टे लावावयाचे ते गोष्ट सांगतांना. यंत्र सुरू केलें तें आधीं मास्कावांचून. नळींतून येणाऱ्या वाऱ्यावर मुलांनीं कागदी भिंगरी फिरविली, तो वारा तळहातावर, मग गालावर घेतला. चौथ्या आठवड्यांत दुपारीं अंथरुणावर पडून मास्क, नळी आणि वारा हीं तिन्ही एकत्र आलीं. प्रत्येक पायरी जमली कीं ताई दिनदर्शिकेवर एक लाल टिकली लावी. ज्या दिवशीं जमलें नाहीं, त्या दिवशीं आदल्या पायरीवर जाऊन थांबावयाचें. रागें भरावयाचें नाहीं.

या सर्वांत एकच नियम कडक होता, आणि तो मुलासाठीं नसून मोठ्यांसाठीं होता. मूल रडत असतांना मास्क काढावयाचा नाहीं. तें दोन क्षण शांत झालें, कीं त्याच क्षणीं काढावयाचा व शाबासकी द्यावयाची. रडल्यानें मास्क सुटतो हें मूल एकदां शिकलें, कीं तें रोज रडेल, आणि त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं. नियम सांगण्यास सोपा. पण ज्या घरांत मुलाचें रडें ऐकून चार खोल्यांतून सहा माणसें धांवत येतात, त्या घरांत तो पाळणें फार कठीण. एके दिवशीं पट्टे लावतांच त्यानें सूर लावला. त्याची आई त्याचा हात हातांत घेऊन अंक मोजूं लागली. सासूबाई दारांत येऊन मला म्हणाल्या, ‘अगो, रडतोय तो. काढ बघूं तें.’ त्यांच्या शब्दाबाहेर जाणें पन्नास वर्षांत माझ्या हातून झालेलें नव्हतें. मीं म्हटलें, ‘तुम्ही त्याच्याजवळ बसा, आणि त्याच्या आईबरोबर अंक मोजा.’ त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग अंथरुणाच्या कडेला बसून त्यांनीं ‘अकरा, बारा’ म्हणावयास सुरुवात केली. वीसाच्या आंत मुलाचा सूर थांबला, आणि सोंड त्यांनींच आपल्या हातानें सोडविली.

रात्रीं मास्क लावून मूल प्रथम झोपलें तेव्हां चाळीस मिनिटांनीं तो ओढून काढला. पुढें दोन तास, तीन तास असें होत गेलें. यंत्र रोजचे तास नोंदवून ठेवतें, त्यामुळें कोणालाहि अंदाजानें बोलण्याचें कारण उरलें नाहीं. निम्मी रात्र झाली तरी पुष्कळ झालें, असें आम्हांस वाटूं लागलें होतें. परंतु डॉक्टरांनीं समजाविलें कीं, मुलांचा श्वास बहुतकरून स्वप्नें पडणाऱ्या झोपेंत अडतो, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागांत अधिक असते. म्हणजे तीन वाजतां मास्क निघाला, तर ज्या प्रहरासाठीं तो मुख्यतः हवा, तोच प्रहर मोकळा जातो.

येथें एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग झाला. ज्या घरांत आईबाप दोघेंच असतात, त्यांनीं दिवसभर काम करून रोज पहांटे तीनला कसें उठावें? आमच्याकडे मध्यरात्रीपर्यंत मुलाची आई, पुढें त्याचे बाबा, सुट्टीच्या दिवशीं काका, अशी पाळी लागली. पहांटेचा प्रहर सासूबाईंनीं आपणहून मागून घेतला. त्यांना चार वाजल्यापासून झोप नसते. अंथरुणावर बसून जप चालतो. मास्क सरकला कीं वाऱ्याचा आवाज बदलतो, तो त्यांना शेजारच्या खोलींतून बरोबर ओळखूं येतो. त्या स्वतः हात लावीत नाहींत. नातवाला हांक मारतात, ‘अरे, सोंड निसटली बघ,’ आणि तो उठून आपल्या मुलाचा मास्क सारखा करतो. दोन महिन्यांनीं नोंदींत सहा तास दिसूं लागले. आज बहुतेक रात्रीं आठ असतात.

ज्यांच्या घरीं असा प्रसंग आहे त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतें. पट्टे जितके घट्ट तितकें चांगलें, असें नाहीं. नाकाच्या दांड्यावर सकाळीं उमटलेला वळ लवकर जात नसेल, तर मास्क दाखवून यावा, कारण वाढत्या वयांत तोच दाब वर्षानुवर्षें पडला तर चेहऱ्याच्या हाडांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊं शकतो. डोळ्यांकडे वारा सुटत असेल तर डोळे लाल होतात, तिकडेहि लक्ष असावें. मूल लहान असतां शक्य तों नाकापुरताच मास्क असावा, आणि तो त्याला स्वतःला काढतां यावा. उलटी झाली तर तोंड मोकळें पाहिजे. मास्क रोज सौम्य साबणानें धुवावा, आणि ओलाव्याच्या डब्यांत डिस्टिल्ड पाणी घालून तें रोज बदलावें. वीज गेली तर यंत्र बंद पडतें. म्हणून आम्हीं त्याची जोडणी इन्व्हर्टरवर घेतली. दाब मात्र आपण होऊन कमीजास्त करूं नये.

आमचा नातू बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. जबडा वाढावयाचा आहे, निद्रापरीक्षा पुन्हां व्हावयाची आहे, आणि पहिला मास्क आतां लहान होऊं लागला आहे. पण तो सकाळीं उठतो तेव्हां अंथरूण कोरडें असतें, आणि शाळेंतून त्याच्याविषयीं येणाऱ्या तक्रारी थांबल्या आहेत. गेल्या महिन्यांत कोंकणांत लग्नास गेलों तेव्हां यंत्र बरोबर होतें. तेथील मुलांनीं हें काय म्हणून विचारलें, तर त्यानें कोणाकडे न पाहतां सांगितलें, ‘माझी सोंड आहे. रात्रीं लावतात.’ आणि पट्टे आपल्या हातानें लावून तो त्या मुलांच्या ओळींत निजला.

ज्या घरांत मूल रोज घोरतें, त्या घरांतील वडील माणसांस माझी एवढीच विनंति आहे कीं, पांघरूण सारखें करून लगेच वळूं नये. दिवा मालवून पांच मिनिटें त्याच्या उशाशीं बसावें, आणि श्वास कोठें थांबतो काय, तें ऐकावें.