वाऱ्याची वाट

कॅम्प पाचमधल्या माझ्या मैत्रिणीची आजी मे महिन्यात खाट घेऊन वाऱ्यामागे हिंडायची. सकाळी दाराशी, दुपारी गल्लीत. फाळणीनंतर सिंधहून आलेली तिच्यासारखी माणसं लष्कराच्या रिकाम्या बराकींत उतरली, मध्ये गोणपाटाचे पडदे बांधून संसार मांडले. १९४९मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. डोक्यावर छप्पर आलं, तेच खूप होतं. वारा कुठून येईल, हे कोण विचारणार?

ते विचारणारा माणूस त्याच सुमारास हार्वर्डहून, वॉल्टर ग्रोपियसकडे वास्तुकला शिकून देशात परतला होता. अच्युत कानविंदे. १९१६ साली कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेले, चित्रकाराचे चिरंजीव.

मला ते भेटले कानपूरला, ते जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. भाच्याला त्यांनीच आखलेल्या आयआयटीत सोडायला कल्याणहून पुष्पक एक्स्प्रेसने गेले होते. जुलैचं ऊन अंगाची लाही करत होतं. पण ग्रंथालयाकडून वर्गांकडे जाणारी छपराखालची लांब चालवाट लागली आणि ऊन बाजूला राहिलं. विटा उघड्या. काँक्रीटला गिलावा नाही, त्यावर शटरिंगच्या फळ्यांच्या रेषा. मी बोट फिरवलं, तर लाकडातली गाठसुद्धा उमटलेली. कुठल्या तरी सुताराची फळी तिथे अजून आहे. जाणकार याला आधुनिक वास्तुकला म्हणतात. मला ती कोकणातली पडवी वाटली, मैलभर लांबवलेली.

मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी दूध वरून खाली आपल्या वजनाने वाहील अशी रचना केली आणि गरम हवा निघून जावी म्हणून छपरावर मनोरे उभे केले. दूध, वारा, माणूस, प्रत्येकाची वाट त्यांनी आधी पाहिली, भिंती मग घातल्या. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरताना कानपूरच्या चालवाटेसारखाच गारवा लागतो. शके ९८२चं ते काम. घडवणाऱ्या कारागिराचं नाव कुणालाच ठाऊक नाही. कानविंद्यांचं ठाऊक असून आपण घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२८ डिसेंबर २००२ला ते गेले. त्या दिवशी मला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

कॅम्प पाचमध्ये बराकीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. मैत्रिणीच्या खोलीला एकच खिडकी, समोरच्या भिंतीवर उघडणारी. परवा गेले, तर तिने आजीची खाट दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी ओढली होती.

"बस," ती म्हणाली, "इथे जरा झुळूक येते."