अर्ज नक्की कोणाला?

प्रिय मुक्ता,



तू पाठवलेला तक्ता पाहिला. विद्यापीठ, शहर, पगार, अंतिम तारीख, सगळं आहे. फक्त तिथे कोणाबरोबर काम करायचंय, तो रकाना नाही. पोस्टडॉकच्या जाहिरातीवर नाव विद्यापीठाचं असतं, पण अर्ज बहुतेक वेळा तोच वाचतो, ज्याच्या अनुदानातून तुझा पगार निघणार असतो. दोन-तीन वर्षं त्याच्या शेजारच्या खोलीत काढायची. तेव्हा आधी त्याचे अलीकडचे पेपर वाच, त्याच्याकडचे जुने पोस्टडॉक आता कुठे आहेत ते शोध आणि त्यांतल्या एक-दोघांना सरळ लिही. उत्तर गुळमुळीत आलं, तर काय समजायचं ते समज.

मँचेस्टरसाठीच्या संशोधन आराखड्याची चार पानं तू जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर केलेल्या कामाने भरलीस. खोडदच्या ४५ मीटरच्या ३० अँटेनांचं वर्णन मँचेस्टरवाल्यांना कशाला? जॉड्रेल बँक वेधशाळा त्यांचीच. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतून येताना कमी वारंवारतेवर पल्सारचे स्पंद पसरट होतात, ते तू मोजलंस. त्यांच्याकडे क्रॅब पल्सारच्या कित्येक दशकांच्या नोंदी आहेत. तुझी मोजमापं आणि त्यांच्या नोंदी एकत्र आल्या, तर कुठला प्रश्न पुढे सरकेल? हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. ते आत्ता तिसऱ्या पानावर, तेही तळाशी, लपून बसलंय.

शिफारसपत्रांचं तुझ्या गाइड सरांना गणपतीतच सांग. आपल्या विषयातल्या बऱ्याच मुदती ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपतात. आपल्याकडे 'फार हुशार, फार मेहनती' एवढं लिहून मोकळं व्हायची खोड आहे. त्या दोन शब्दांनी कोणाचंही भलं होत नाही. कुठल्या पेपरातला कुठला भाग तुझा एकटीचा, याचं टिपण त्यांना दे. संकोच वाटेल, तरी दे.

मारी क्युरी फेलोशिप यंदा सोड. तिची मुदत सप्टेंबरात आणि तोवर डॉक्टरेट पदरात हवी. तुझा व्हायवा डिसेंबरात. हम्बोल्ट फेलोशिपला तशी ठरावीक तारीख नसते, पण जर्मनीतल्या यजमानाची संमती आधी मिळवावी लागते. म्हणजे तिथेही माणूसच शोधायचा!

एक ध्यानात ठेव. १५ फेब्रुवारीच्या आत उमेदवाराकडून होकार-नकाराची सक्ती करू नये, असा अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा संकेत आहे. जानेवारीत कोणी 'दोन दिवसांत कळवा' म्हणालं, तर नम्रपणे त्या संकेताची आठवण करून दे. सगळेच ऐकतील असं नाही, पण विचारल्याने जागा जात नाही.

दादा फोनवर विचारत होता, 'पीएच.डी. झाल्यावर परत शिकायचंच का?' त्याला सांग, ही नोकरी आहे, महिन्याला पगार होतो. दोन-तीन वर्षांनी हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो, हे मात्र एवढ्यात सांगू नकोस.

तुझी,
आत्या